ऊतककर असलेली आणि नसलेली झाडे : जव्हार-मोखाडा परिसरातील सपुष्प वनस्पतींची अंतर्रचना

प्रस्तावना

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतरणीवरील डोंगराळ प्रदेशात वसलेले आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत ते ठाणे जिल्ह्याचा भाग होते. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या समाजांची येथे प्रामुख्याने वस्ती आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे मुबलक पाऊस पडतो. परंतु बेसाल्ट खडकावरील उथळ माती आणि तीव्र उतार यांमुळे ते पाणी वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्यांवाटे वाहून जाते आणि मार्च-एप्रिलनंतर अनेक पाड्यांवर पिण्याच्या पाण्याचीही टंचाई निर्माण होते. माणसांना जाणवणारा हा विरोधाभास येथील वनस्पतींच्याही वाट्याला येतो. एकाच वर्षात त्यांना आधी पाण्याचा अतिरेक आणि नंतर दीर्घ कोरडा काळ सोसावा लागतो. तो सोसण्याची साधने झाडाच्या अंतर्रचनेत असतात.

पदवी वर्गात ही अंतर्रचना शिकविताना द्विबीजपत्री खोडासाठी सूर्यफूल आणि एकबीजपत्री खोडासाठी मका ही दोन उदाहरणे वर्षानुवर्षे घेतली जातात. उदाहरणे म्हणून ती निर्दोष आहेत. विद्यार्थी छेद घेतो, आकृती काढतो, भागांना नावे देतो आणि आकृती पाठ होते. मात्र त्या आकृतीतील एका अतिशय पातळ थराच्या असण्या-नसण्यावरून झाड कोठे सोलावे, त्याचा रस कसा काढावा, त्याचे कलम बांधता येईल की नाही, या गोष्टी ठरतात. हा भाग बहुधा आकृतीबाहेरच राहतो. जव्हार-मोखाड्यातील विद्यार्थ्याने घरी बांबू फोडताना, राबासाठी फांद्या तोडताना, वाडीतील आंब्याला कलम बांधताना हे परिणाम प्रत्यक्ष पाहिलेले असतात. प्रस्तुत लेखात त्या परिणामांमागील ऊतकरचनेचे विवेचन केले आहे.

ऊतकांची ओळख

समान उगम असलेल्या आणि ठरावीक कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहास ऊतक म्हणतात. सपुष्प वनस्पतींत बाहेरून संरक्षण करणारी अपित्वचा, आतील जागा भरून काढणारी व अन्न साठविणारी मूल ऊतके आणि पाणी व अन्न वाहून नेणारी वाहक ऊतके अशी स्थूल विभागणी करता येते. वाहक ऊतकांचे दोन प्रकार आहेत. मुळांनी शोषलेले पाणी व क्षार वर नेणारे ते प्रकाष्ठ आणि पानांत तयार झालेली शर्करा झाडाच्या इतर भागांत पोहोचविणारे ते परिकाष्ठ. शालेय पाठ्यपुस्तकांत यांनाच अनुक्रमे जलवाहिन्या व रसवाहिन्या म्हटले जाते. झायलेम आणि फ्लोएम ही मूळ नावे कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ साली दिली.

या दोहोंतील एक फरक विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे आवश्यक आहे. प्रकाष्ठातील वाहिन्या काम सुरू करतात तेव्हा त्यांच्या पेशी मेलेल्या असतात. उरलेली असते ती लिग्निनने कठीण झालेली पोकळ भिंत. परिकाष्ठातील चाळणी नलिका मात्र जिवंत असतात. त्यांत केंद्रक नसते आणि शेजारच्या सहपेशींच्या आधाराने त्या जगतात. म्हणजे झाडात पाणी मृत नळ्यांतून चढते आणि अन्न जिवंत नळ्यांतून वाहते. पानांतून होणाऱ्या बाष्पोच्छ्वासाच्या ओढीने पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो, हे डिक्सन व जॉली यांनी १८९४ साली मांडले. शर्करेच्या प्रवाहामागे दाबातील फरक असतो, ही उपपत्ती अर्न्स्ट म्युंख यांनी १९३० साली मांडली.

पाण्याचा मार्ग दाखविण्यासाठी श्रावण-भाद्रपदात माळावर आणि बांधावर उगवणारा तेरडा पुरेसा आहे. त्याचे खोड जवळजवळ पारदर्शक असते. मुळे धुऊन रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवले की काही वेळातच खोडातील वाहक वृंद लाल रेषांसारखे दिसू लागतात. आडवा छेद घेतल्यास ते वृंद वर्तुळात मांडलेले आढळतात. द्विबीजपत्री खोडाचे हे मुख्य लक्षण होय.

सालीखालचा थर

द्विबीजपत्री खोडातील प्रत्येक वाहक वृंदात प्रकाष्ठ आतील बाजूस, परिकाष्ठ बाहेरील बाजूस आणि दोहोंच्या मध्ये ऊतककर, म्हणजेच कॅम्बियम, असतो. ऊतककर हे विभाजी ऊतक आहे. त्याच्या पेशी सतत विभागत राहतात. आत नवे प्रकाष्ठ आणि बाहेर नवे परिकाष्ठ तयार होते. वृंदांमधील ऊतककर एकमेकांना जोडला गेला की खोडाभोवती त्याचे अखंड वलय तयार होते आणि झाड दरवर्षी जाड होत जाते. आत साठत जाणाऱ्या प्रकाष्ठाला व्यवहारात लाकूड म्हणतात. ऊतककराच्या बाहेरचे सर्व काही म्हणजे साल. साल हे झाडाचे केवळ निर्जीव कवच असल्याचा समज सर्वत्र आढळतो, आणि तो झाडांच्या जिवावर बेतणारा आहे. कारण सालीच्या आतील बाजूस झाडाचे सगळे कार्यरत परिकाष्ठ असते.

पावसाळ्यात झाडाची साल सहज सुटते आणि उन्हाळ्यात ती लाकडाला घट्ट चिकटलेली असते, हा अनुभव दोरासाठी साल काढणाऱ्या प्रत्येकाला असतो. त्याचे कारण ऊतककरात आहे. वाढीच्या हंगामात त्याच्या पेशी पातळ भिंतींच्या व पाण्याने भरलेल्या असतात आणि ओढ बसताच तेथेच फाटतात. कोरड्या काळात ऊतककर सुप्त असतो, भिंती जाड होतात आणि साल सुटत नाही.

खोडाभोवती सालीचा संपूर्ण पट्टा काढला तर काय होते, हे मार्सेलो माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच पाहिले होते. पट्ट्याच्या वरच्या बाजूस खोड फुगते. वरून येणारी शर्करा तेथे अडते. खालच्या भागाला व मुळांना अन्न मिळत नाही. प्रकाष्ठ शाबूत असल्याने पाणी मात्र वर जात राहते आणि पाने हिरवी राहतात. त्यामुळे झाडाला काही झाले नाही असे वाटते. मुळांतील साठा संपेपर्यंत, काही महिने किंवा त्याहूनही अधिक काळ, ते उभे असते आणि मग वाळते. मृत्यू आणि त्याचे कारण यांत एवढे अंतर पडल्याने दोष बहुधा पावसाला किंवा किडीला दिला जातो. ऐन, अर्जुन यांसारख्या झाडांची साल औषधासाठी काढताना हीच गोष्ट निर्णायक ठरते. खोडाच्या एकाच बाजूने, उभी, अरुंद पट्टी काढली तर शेजारचे परिकाष्ठ काम करीत राहते आणि कडांवरील ऊतककर हळूहळू जखम झाकतो. तेवढीच साल वेढा घालून काढली तर झाड जाते. काढलेल्या सालीचे वजन दोन्ही वेळा सारखेच असू शकते.

याच्या उलट राबाचे आहे. भाताचे व नागलीचे रोप टाकण्यापूर्वी जमिनीवर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या वाळलेल्या फांद्या पसरून ती भाजण्याची पद्धत या भागात रूढ आहे. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दरवर्षी तोडल्या जातात. बुंध्यावरील साल व ऊतककर अखंड राहत असल्याने आणि सालीखाली सुप्त कळ्या असल्याने ही झाडे पुन्हा फुटतात. मात्र फुटण्यासाठी लागणारे अन्न खोडातील मूल ऊतकांत साठविलेल्या पिष्टातून येते. दरवर्षी तोड झाली की तो साठा भरून निघत नाही, झाड खुरटे राहते, त्याला फुले-फळे कमी येतात. राबामुळे झाड मरते असे सरसकट म्हणणे चुकीचे आहे. ते म्हातारे न होता खंगते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

परिकाष्ठाशी संबंधित आणखी एक उपयुक्त ऊतक म्हणजे सालीतील धागे. केवण, म्हणजे मुरुडशेंगेचे झुडूप, आणि अंबाडी यांच्या सालीत परिकाष्ठाच्या बाहेरील बाजूस दृढ ऊतकांचे लांबट, जाड भिंतींचे तंतू जुडग्यांनी असतात. अंबाडीच्या काड्या काही दिवस पाण्यात बुडवून ठेवल्या की सूक्ष्मजीव मऊ पेशींना जोडणारे पेक्टिन खाऊन टाकतात. सेल्युलोजचे तंतू टिकतात आणि वाख मोकळा होतो. कुजविणे कमी झाले तर साल चिकटून राहते, जास्त झाले तर तंतूही दुबळे होतात. दोर वळणाऱ्याला वासावरून आणि बोटांना लागणाऱ्या निसरडेपणावरून कळणारी ही वेळ खरे पाहता ऊतकांच्या विघटनाची वेळ आहे.

साग, खैर आणि ऐन

या प्रदेशातील वन पानझडी असून साग हा त्यातील सर्वांत परिचित वृक्ष आहे. सागाच्या कापलेल्या ओंडक्यावर स्पष्ट वलये दिसतात. पावसाच्या आरंभी नवी पालवी फुटते, पाण्याची गरज एकदम वाढते आणि ऊतककर रुंद वाहिन्या तयार करतो. पुढे वाढ मंदावली की अरुंद वाहिन्या व जाड भिंतींचे तंतू तयार होतात. रुंद छिद्रांची एक रांग आणि त्यामागचा घट्ट पट्टा मिळून एका वर्षाचे वलय बनते. रुंद वाहिनीचा लाभ मोठा असतो. नळीचा व्यास दुप्पट झाला की तिच्यातून वाहणारे पाणी सोळापट होते. परंतु कोरड्या हवेत पाण्याचा स्तंभ ताणला जाऊन त्यात हवेचे बुडबुडे शिरण्याचा धोकाही रुंद वाहिन्यांत अधिक असतो, आणि एकदा बुडबुडा अडकला की ती वाहिनी निकामी होते. साग उन्हाळ्यात पाने टाकून देतो ते या दृष्टीने समजून घेतले पाहिजे. वर ओढ लावणारी पानेच नसली की स्तंभ तुटण्याचा प्रसंग टळतो.

उष्ण कटिबंधातील बहुतेक वृक्षांत वलये अस्पष्ट असतात. साग हा त्याला अपवाद असल्याने त्याच्या वलयांवरून पूर्वीच्या पावसाचा अंदाज बांधता येईल काय, हा प्रश्न पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील जी. बी. पंत व एच. पी. बोरगावकर यांनी हाती घेतला. १९८३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास ठाणे परिसरातील सागाच्या वाढ-वलयांवरच होता. भारतीय द्वीपकल्पातील वलय-हवामान अभ्यासाच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. तो ज्या जिल्ह्याच्या परिसरात झाला त्याच जिल्ह्यात त्या वेळी जव्हार-मोखाडा हे तालुके मोडत होते. असे असूनही तो येथील वर्गांत क्वचितच सांगितला जातो, याची नोंद घ्यावीशी वाटते.

जुने प्रकाष्ठ कालांतराने पाणी वाहणे थांबविते. तत्पूर्वी त्यातील जिवंत पेशी साठविलेल्या पिष्टाचे रूपांतर रंगीत, कडवट, कीटकांना नकोशा द्रव्यांत करतात. शेजारच्या पेशींचे फुगे वाहिन्यांत शिरून त्या बुजवितात. अशा प्रकारे बाहेरच्या फिकट रसकाष्ठापासून आतील गडद अंतःकाष्ठ, म्हणजे गाभा, वेगळा होतो. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही आणि पांढऱ्या कडेला मात्र कीड लागते, ते यामुळेच. खैरात ही प्रक्रिया आर्थिक महत्त्वाची ठरली आहे. काथ फक्त गाभ्याच्या ढलप्या उकळून मिळतो, रसकाष्ठातून नाही. खैराच्या वाहिन्यांत कधी कधी साठलेली पांढरी पूड दिसते; तिला खीरसाल म्हणतात आणि ती कॅटेचिनची असते. कातकरी किंवा काथोडी हे समाजाचे नावच काथ काढण्याच्या व्यवसायावरून पडले आहे. खैराचे झाड बाहेरून पाहून त्यात गाभा किती भरला आहे हे ओळखण्याचे त्यांचे कौशल्य हे द्वितीयक वाढीचे व्यावहारिक ज्ञानच होय.

ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. काही जुन्या ऐनांच्या खोडात पाणी साठते आणि तेथे खोडावर फुगवटा येतो. मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वन अधिकाऱ्यांनी अशाच एका ऐनाच्या फुगवट्याला छेद दिला असता पाण्याची धार लागली आणि ती दृश्ये देशभर पाहिली गेली. तेथील कोंडा रेड्डी समाजाला हे पूर्वापार ठाऊक होते. मात्र प्रत्येक ऐनात असे पाणी नसते आणि उत्सुकतेपोटी घातलेला प्रत्येक घाव बुरशीला वाट करून देतो.

ऊतककर नसलेले जग

बांबूचा आडवा छेद घेतला की वाहक वृंद वर्तुळात न दिसता सर्वत्र विखुरलेले दिसतात. मक्याप्रमाणेच येथेही वृंदांत ऊतककर नसतो. परिणामी मानवेलाचा कोंब पावसात जमिनीतून ज्या जाडीने वर येतो तीच त्याची कायमची जाडी असते. काही आठवड्यांत तो पूर्ण उंची गाठतो, आणि त्यानंतर ना उंची वाढते ना घेर. पुढील दोन-तीन वर्षांत वाढतो तो फक्त कठीणपणा. पेशीभित्तींवर लिग्निन साठत जाते. कोंब भाजीसाठी पहिल्या दिवसांतच खुडतात, कारण त्या वेळी तंतूंच्या भिंती पातळ असतात. कोंबातील सायनाइडजन्य विषारी द्रव्य जाण्यासाठी ते उकळून पाणी टाकून देणे मात्र आवश्यक असते. उलट घरासाठी तीन वर्षांची काठी निवडतात. कोवळी काठी तोडली तर वाळताना ती सुरकुतते.

बांबूच्या खोडात साधारणपणे पन्नास टक्के मूल ऊतक, चाळीस टक्के तंतू आणि दहा टक्के वाहक पेशी असतात. ही विभागणी मात्र सर्वत्र सारखी नसते. बाहेरील सालीकडे वृंद लहान व दाट, तर आतील पोकळीकडे मोठे व विरळ असतात. प्रत्येक वृंदाभोवती तंतूंचे आवरण असल्याने बाहेरचा भाग अधिक बळकट होतो. कणगी, सूप किंवा टोपली विणताना वरच्या हिरव्या भागाच्या पट्ट्या ताण पडणाऱ्या जागी आणि आतील पांढऱ्या पट्ट्या भरणीसाठी वापरल्या जातात, त्यामागे हीच रचना आहे. वारली चित्रकार बांबूच्या काडीचे टोक चावून कुंचला करतात. चावण्याने मऊ मूल ऊतक निघून जाते आणि तंतूंचे जुडगे केसांसारखे उरते.

बांबूला लागणारा भुंगाही ऊतकांचाच वेध घेतो. त्याला तंतू नको असतात. मूल ऊतकात साठलेले पिष्ट हवे असते. पिष्टाचे प्रमाण ऋतूनुसार बदलते, म्हणून तोडीचा हंगाम पाळण्याला शास्त्रीय आधार आहे. तोड अमावास्येच्या सुमारास करावी या संकेताचा प्रश्न वेगळा; ऋतूचा परिणाम जितका स्पष्ट आहे तितका चंद्रकलेचा नाही. तोडलेले बांबू ओढ्यात किंवा चिखलात काही आठवडे बुडवून ठेवण्याची पद्धतही याच कारणासाठी उपयोगी पडते. विरघळणारी शर्करा पाण्यात उतरते. बांबूत लाकडासारखे आडवे किरण नसतात, त्यामुळे पाणी काय किंवा औषध काय, मुख्यतः कापलेल्या टोकांतूनच आत शिरते. वरून फासलेले औषध म्हणूनच फारसे लागू पडत नाही.

ताड, शिंदी आणि भेरली माड ही ताडकुलातील झाडे देखील ऊतककराविना उंच वाढतात. त्यांची जाडी शेंड्याखालील विभाजी ऊतकामुळे आरंभीच ठरते आणि मग ती त्या जाडीने वर चढतात. ताडी काढण्यासाठी ताडाचा पुष्पविन्यास, तर शिंदीच्या शेंड्याखालचे खोड तासले जाते. गळणारा गोड रस मुख्यत्वे परिकाष्ठाचा असतो. द्विबीजपत्री झाडात परिकाष्ठ सालीत एकवटलेले असते, येथे ते हजारो वृंदांत विखुरलेले असते. त्यामुळे शिंदीला एका बाजूने खोल खाच घेतली तरी उरलेले वृंद वाहत राहतात आणि झाड जगते. मात्र याची दुसरी बाजूही आहे. ऊतककर नसल्याने ती खाच कधीच भरून येत नाही. आंब्यावरील जखम काही वर्षांत झाकली जाते. शिंदीच्या खाचा झाडाच्या अखेरपर्यंत पायऱ्यांसारख्या दिसत राहतात. ताडकुलातील चाळणी नलिकाही बदलल्या जात नाहीत. द्विबीजपत्री झाडात त्या एक-दोन हंगामांत निकामी होतात व ऊतककर नव्या देतो. ताडाच्या बुंध्यातील चाळणी नलिका मात्र अनेक दशके, झाडाच्या आयुष्याइतक्या, जिवंत राहतात. केंद्रक नसलेल्या पेशीने इतका काळ जगावे, ही वनस्पतिसृष्टीतील थक्क करणारी गोष्ट आहे. वाढीचे सर्व ऊतक एकाच शेंड्यात असल्याने शेंडा छाटला की मात्र ही झाडे मरतात.

कलम

आंबा व काजूची कलमे लावून डोंगरउतारावर कुटुंबागणिक फळबाग उभी करण्याचा वाडी कार्यक्रम बाएफ या संस्थेने जव्हार परिसरात राबविला आणि पुढे त्याचा विस्तार झाला. त्यामुळे कलम हा शब्द येथील घरांत परिचित आहे. कलमाचे यश पूर्णतः ऊतककरावर अवलंबून असते. खुंटाला चीर देऊन त्यात पाचरीसारखी तासलेली कलमकाडी बसविली जाते. दोन्ही कापांवरील पेशी प्रथम मऊ किणाचे ऊतक तयार करतात आणि मधली पोकळी भरते. नंतर या किणातूनच खुंटाच्या ऊतककराला काडीचा ऊतककर जोडला जातो आणि शेवटी त्या पुलावर नवे प्रकाष्ठ व परिकाष्ठ तयार होते. तोवर काडी स्वतःजवळील पाण्यावर जगते, म्हणून ती प्लॅस्टिकने झाकतात आणि हवा दमट असलेला काळ निवडतात. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मध्यभागी बसविणे ही नेहमीची चूक ठरते. मध्यभागी लाकडाला लाकूड टेकते आणि ऊतककर एकमेकांपासून दूर राहतात. ती एका कडेला सरकवून निदान एका बाजूची साल सालीशी जुळविली पाहिजे.

जोड पक्का झाल्यावर पट्टी सोडणे तितकेच महत्त्वाचे आहे. खोड जाड होत जाते, प्लॅस्टिकची पट्टी ताणत नाही, आणि जोडावर ती सालीला आवळते. परिकाष्ठ दाबले जाऊन वर फुगवटा येतो. माल्पिघीने सालीचा पट्टा काढून जे पाहिले तेच येथे पट्टी न सोडल्याने घडते. पहिल्या उन्हाळ्यात मेलेल्या प्रत्येक कलमाचा दोष पाणीटंचाईवर टाकण्यापूर्वी जोडाखालील खोड तपासून पाहावे. कुंपणाची तार किंवा जनावर बांधण्याचा दोर कायम एकाच झाडाला गुंडाळून ठेवल्यानेही हाच परिणाम होतो.

एकबीजपत्री वनस्पतींचे कलम होत नाही, असे पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ लिहिले गेले. ऊतककर नसल्याने ते अशक्य मानले जात होते. २०२२ साली केंब्रिज विद्यापीठातील ज्युलियन हिबर्ड यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात गहू, ओट यांसारख्या एकबीजपत्री वनस्पतींच्या बीजातील गर्भावस्थेतील ऊतक वापरून कलम यशस्वी केले. म्हणजे जोडण्याची क्षमता गर्भावस्थेतील पेशींत असते, वाढलेल्या खोडात नसते. अध्यापकांनी या विधानात आता एवढी दुरुस्ती करावयास हवी. बांबूचे किंवा ताडाचे कलम करता येते असा त्याचा अर्थ मात्र होत नाही.

नागलीचे पान आणि भाताचे पान

खोडाकडून पानाकडे वळल्यास या परिसरातील दोन मुख्य पिकांतला फरक छेदातच दिसतो. खाचरात भात आणि उतारावरील वरकस जमिनीत नागली व वरई, ही येथील शेतीची सर्वसाधारण मांडणी आहे. भाताच्या मुळांत व खोडात हवेच्या मोठ्या पोकळ्या असतात. पाण्याखालील मुळांना त्यांतून प्राणवायू पोहोचतो. म्हणूनच ते तुंबलेल्या खाचरात तग धरते.

नागलीच्या पानाचा छेद घेतला असता प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गडद हिरव्या पेशींचे कडे आढळते आणि त्याभोवती दुसऱ्या हिरव्या पेशी किरणांसारख्या मांडलेल्या असतात. जर्मन भाषेत माळेला क्रान्झ म्हणतात, त्यावरून या रचनेस क्रान्झ रचना असे नाव पडले. गॉटलीब हाबरलांट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचे वर्णन केले. तिचे प्रयोजन मात्र १९६६ साली हॅच व स्लॅक यांच्या संशोधनाने उलगडले. बाहेरील पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून चार कार्बनी आम्लाच्या रूपात आतील कड्याकडे देतात आणि तेथे तो एकवटतो. त्यामुळे पर्णरंध्रे अर्धवट मिटलेली असतानाही प्रकाशसंश्लेषण चालू राहते आणि तेवढ्याच वाढीसाठी भाताच्या मानाने बरेच कमी पाणी लागते. वरईचीही रचना याच प्रकारची आहे. भाताच्या पानात शिरांभोवतीच्या पेशींत हरितकणू थोडे असतात आणि दोन शिरांमधील अंतरही अधिक असते. ही रचना भातात आणण्याचा आंतरराष्ट्रीय प्रयत्न २००८ च्या सुमारास सुरू झाला. शेतकऱ्याच्या हाती देता येईल असे वाण त्यातून अद्याप निघालेले नाही. उतारावरच्या मुरमाड जमिनीत नागली घेणाऱ्यांनी पिकाची निवड मागासलेपणाने केली, असे अजूनही कोठे कोठे लिहिले जाते. पानाचा एक छेद त्या विधानाचा पुरेसा प्रतिवाद करतो.

प्रात्यक्षिकासाठी

वर उल्लेखिलेल्या बहुतेक रचना साध्या दाढीच्या पात्याने घेतलेल्या छेदांत आणि सॅफ्रॅनिनच्या एका थेंबाने पाहता येतात. लिग्निन असलेल्या भिंती लाल होतात. नागलीचे पान गाजराच्या फोडीत धरावे आणि शक्यतो रंग न देता पाहावे, म्हणजे हिरवे कडे स्पष्ट दिसते. जूनच्या पहिल्या सरींबरोबर उगवणारा शेवळा हाही चांगला नमुना आहे. त्याच्या मूल ऊतकातील काही पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुडग्यांनी भरलेले असतात. घशाला येणारी खाज त्यांचीच. शेवळ्याची भाजी काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजविण्याची चाल या खाजेशी निगडित आहे. छेद घेताना हातमोजे वापरावेत.

नमुन्यांसाठी जिवंत झाडाची साल काढण्याची गरज नाही. बांबू विणणाऱ्यांकडील तुकडे, सुताराकडील सागाची व खैराची छाट, वादळात मोडलेल्या फांद्या पुरेशा होतात. सागाच्या तुकड्यावर रंधा मारून, तो ओला करून साध्या भिंगाखाली वलये मोजता येतात. मोजणी एकाच त्रिज्येवर न करता निदान चार दिशांनी करावी. कोरड्या वर्षाचे वलय एका बाजूस इतके अरुंद होते की ते दिसतच नाही, आणि एखाद्या वर्षी मध्येच पाऊस ओढ देऊन पुन्हा आला तर एका वर्षात दोन वलयांचा भास होतो.